सिबिलमध्ये माझ्या नावावर दोन कर्जं, मी घेतलेलं एकही नाही (ठाणे)

मृण्मयी_वर्तकनगर | सोमवार, रात्री १०.५०

बरीच वर्षं नुसतीच वाचक आहे, लिहायची वेळ अशी येईल असं वाटलं नव्हतं.

कासारवडवलीला टू बीएचके बघितलाय, टोकनही दिलं. आज होम लोनवाल्या बाईंनी बोलावून घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "मॅडम, तुमची आधीची दोन लोन थकलीत, ती फॉर्ममध्ये का नाही दाखवली?" मी म्हटलं, कुठली लोन? त्यांनी स्क्रीन वळवली, माझा सिबिल अहवाल (म्हणजे कर्ज-हप्त्यांचा सगळा इतिहास) होता. एक ३८,००० चं, मोबाइल की फ्रिज घेण्यासाठी काढतात तसलं. दुसरं पर्सनल लोन, १,२०,००० चं, एका ॲपवरून. दोन्हींचे चार-चार हप्ते थकलेले. स्कोअर ६४१. मला आजवर एक क्रेडिट कार्ड सोडलं तर कुणाचं देणं नाही, तेही दरमहा पूर्ण भरते.

अहवालात माझं नाव, माझा पॅन, माझी जन्मतारीख. पत्ता मात्र दुसऱ्याच राज्यातला, जिथे मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही.

बिल्डरला दुसरा हप्ता द्यायला पंचेचाळीस दिवस आहेत. काय करू? नवरा म्हणतो सगळं भरून टाकू आणि मोकळे होऊ.

---

कोपरीचा_बंड्या | सोमवार, रात्री ११.०५

बाप रे. पहिलं काम म्हणजे पॅन कार्ड बदलून घ्या. नवा नंबर आला की जुन्याचं लचांड संपलं.

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | सोमवार, रात्री ११.१२

बंड्या, काहीही सल्ले नको रे देऊ. एका माणसाला एकच पॅन. दुसरा काढला तर दहा हजार दंड. शिवाय थकबाकी पॅनला नाही, माणसाला चिकटते.

मृण्मयीताई, नवऱ्याला सांगा, एक रुपयासुद्धा भरायचा नाही. भरलात की कर्ज तुमचंच होतं असं तुम्हीच कबूल केल्यासारखं.

---

निवृत्त_बँकर_नौपाडा | मंगळवार, सकाळी ७.२०

सकाळचा चहा घेता घेता वाचलं. तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची आठ कर्ज विभागात. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, कंटाळलात तर पुढे जा.

वरचं "एक रुपया भरू नका" हे सोळा आणे खरं. वसुलीवाले फोन करून "निम्म्यात सेटल करा, आजच क्लिअर करतो" म्हणतील. सेटल झालेलं कर्ज अहवालात "सेटल्ड" असंच दिसतं आणि होम लोनवाला ते बघून नाक मुरडतो. म्हणजे पैसेही गेले आणि डागही राहिला. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर तारीख-वेळ टिपून ठेवा, पुढे कामाला येते.

आता कामाचं. आपल्याकडे कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला जेरॉक्स म्हणतो. या चौघांकडून प्रत्येक कॅलेंडर वर्षात एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. चारही काढा. एकात असलेलं दुसऱ्यात नसतं, कधी उलट.

अहवालात खाती बघालच. पण त्याआधी दोन जागा बघा ज्या कुणी बघत नाही. एक "एन्क्वायरी" : कुणी, कधी, किती रकमेसाठी तुमचा अहवाल मागवला. चोराने पाच दारं ठोठावली असतील आणि दोन उघडली असतील, तर उरलेली तीन तिथे दिसतात. दुसरी जागा म्हणजे फोन नंबर आणि ईमेल. तिथे काय आहे ते इथे सांगा (नंबर लिहू नका हो, फक्त ओळखीचे आहेत का ते).

---

मृण्मयी_वर्तकनगर | मंगळवार, दुपारी १.४०

काका, लंच टाइममध्ये चारही काढले.

एन्क्वायरी सात! त्यातल्या दोनच माझ्या. फोन नंबर तीन आहेत. एक सध्याचा. एक अजिबात माहीत नसलेला. आणि तिसरा माझाच, पण २०१५ सालचा. ऐरोलीच्या पहिल्या नोकरीत असताना घेतलेला, क्रेडिट कार्डाच्या फॉर्मवर तोच दिला होता. लग्नानंतर बंद केला, बँकेत बदलायचा राहिला.

---

निवृत्त_बँकर_नौपाडा | मंगळवार, दुपारी २.१५

तिथेच घोडं पेंड खातंय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. कुणीही तुमचा क्रेडिट अहवाल उघडला की या कंपन्यांनी तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा. एप्रिल २०२४ पासून लागू. पण पाठवणार कुठे? त्यांच्याकडे जो नंबर आहे तिथेच! बंद केलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो. तुमचे पाच इशारे कदाचित त्या अनोळखी माणसाने बघितले असतील आणि "स्पॅम आला" म्हणून पुसले असतील. किंवा ते थेट चोराच्याच नंबरवर गेले असतील.

हा इशारा म्हणजे वॉचमनची शिट्टी. शिट्टी ऐकायला आपण घरात हवं. आणि वॉचमन चोराला धरत नाही, तेही लक्षात ठेवा.

आजच बँकेत जाऊन नंबर बदला. कार्डाच्या बँकेतही, आणि जिथे जिथे जुना असेल तिथे. मग पुढचं सांगतो.

---

जर्सीकर_नेरुळची | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

मूळ नेरुळची, आता न्यू जर्सीत. इकडचं सांगते, कारण तिकडे "फ्रॉड अलर्ट" हा शब्द आता सगळे वापरतात पण अर्थ वेगळा आहे.

इथे क्रेडिट ब्युरो (काकांनी सांगितलेल्या चार कंपन्यांसारखे) तीन. त्यातल्या कुठल्याही एकाला सांगितलं की माझ्या फाइलवर फ्रॉड अलर्ट लावा, तो बाकी दोघांना कळवतो. फुकट, एक वर्षाचा, हवा तर पुन्हा लावायचा. मग माझ्या नावाने कर्ज मागणाऱ्याची ओळख नीट पटवल्याशिवाय सावकाराला (कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला) पुढे जाता येत नाही, सहसा फोन करून विचारतात. खरोखर चोरी झालेली असेल आणि तसा रिपोर्ट फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर केलेला असेल, तर सात वर्षांचा अलर्ट मिळतो.

त्याहून जालीम म्हणजे फ्रीज. तो तिघांकडे वेगवेगळा करावा लागतो, पण मग तुमची फाइल नव्या सावकाराला दिसतच नाही. सप्टेंबर २०१८ पासून देशभर फुकट. २०१७ मध्ये इक्विफॅक्सवर डल्ला पडला, चौदा कोटी सत्तर लाखांच्या आसपास लोकांची माहिती गेली, त्यानंतर आमच्या ऑफिसात सगळे फ्रीज करत सुटले होते. गंमत म्हणजे स्वतःला कार कर्ज हवं असतं तेव्हा फ्रीज काढायचं विसरतात आणि शोरूममध्ये उभं राहून पासवर्ड आठवत बसतात.

तिकडे असं काही नाहीये का?

---

निवृत्त_बँकर_नौपाडा | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

कायद्याने दिलेला तसा फ्रीज आपल्याकडे नाही. आपला क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क तो देतो, पण "माझ्या फाइलला कुलूप लावा" असं म्हणायचा नाही. म्हणून आपल्याकडे सगळा भार त्या एसएमएसवर आणि तुमच्या वेळच्या वेळी बघण्यावर. मला विचाराल तर ही उणीव आहे. अमेरिकेतलं सगळंच उचलावं असं नाही, पण हे उचलायला हरकत नव्हती.

---

लोकपुरम_अण्णा | मंगळवार, रात्री ९.००

सर्वांनी आपापले अहवाल काढा म्हणताय म्हणून मीपण काढला. आणि बघतो तर काय, माझ्याही नावावर तीन लाखांचं कर्ज, थकलेलं! पोलिसात जायला चप्पल घातली. बायकोने खातं नीट वाचलं. तिथे "जामीनदार" लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी साडूच्या पतपेढीच्या कर्जाला मी सही केली होती. 😶

साडूला आता फोन करतोय.

---

कोपरीचा_बंड्या | मंगळवार, रात्री ९.०४

अण्णा, तो फ्रॉड नाही, तो नातेवाईक.

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री ९.२०

हसण्यावारी नेऊ नका, अण्णांचा मुद्दा बरोबर आहे. प्रत्येक अनोळखी नोंद म्हणजे चोरी नाही. माझ्या मित्राच्या अहवालात एका सारख्याच नावाच्या माणसाचं बाइक लोन आलं होतं, पॅनचं एक अक्षर टाइप करताना चुकलेलं. तो महिनाभर चोर शोधत होता आणि चोर होता एक डेटा एन्ट्रीवाला पोरगा. आधी सावकाराकडून कागद मागवा, मग ठरवा.

---

सिबिल_क्लिनिक_९०० | मंगळवार, रात्री १०.१५

[हा प्रतिसाद व्यवस्थापकांनी काढून टाकला आहे.]

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री १०.१८

काढला ते बरं झालं. ज्यांनी वाचला असेल त्यांच्यासाठी : "सात दिवसांत स्कोअर ७५०+, फी पाच हजार, पॅन-आधार पाठवा" म्हणणाऱ्यांकडे कुठलीही जादूची किल्ली नसते. तक्रार फुकटच असते आणि ती स्वतःच करायची असते. आणि चोरी झालेल्या माणसाने आणखी एका अनोळखी माणसाला पॅन-आधार पाठवायचं? कमाल आहे.

---

निवृत्त_बँकर_नौपाडा | बुधवार, सकाळी ६.५०

मृण्मयीताई, क्रम असा ठेवा.

दोन्ही सावकारांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. पत्ता त्यांच्या साइटवर द्यावाच लागतो. भाषा थंड ठेवा. "मी हे कर्ज घेतलेलं नाही" हे एक वाक्य, आणि खाली मागणी : अर्जाची प्रत, केवायसीचे कागद, फोटो, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कुठल्या खात्यात जमा झाले. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. कागद खोटे करता येतात, पण पैसे कुठेतरी पोचलेलेच असतात. ते खातं तुमचं नाही हे दिसलं की अर्धी केस झाली.

त्याच दिवशी चारपैकी ज्या ज्या कंपनीत नोंद आहे तिथे ऑनलाइन डिस्प्यूट (नोंदीवरची हरकत) टाका. सिबिलच्या अहवालावर नऊ आकडी कंट्रोल नंबर असतो, तो लागतो. कारण निवडताना "हे खाते माझे नाही" हेच निवडा, "रक्कम चुकीची" नाही. "रक्कम चुकीची" म्हटलं म्हणजे खातं तुमचं हे मान्य झालं.

ध्यानात ठेवा, सिबिल स्वतःहून नोंद पुसत नाही. ती सावकाराला विचारते आणि सावकार हो म्हणाला तरच बदलते. म्हणून दोन्हीकडे एकदमच जायचं.

तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत निकाल लागायला हवा. त्यातले एकवीस दिवस सावकाराचे. तीस दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, ती मागावी लागू नये असा नियम आहे. तरी तारखा लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२२ च्या सप्टेंबरपासून या क्रेडिट माहिती कंपन्यांविरुद्धही तिथे जाता येतं. फोन १४४४८, अर्ज ऑनलाइन, वकील लागत नाही.

---

मृण्मयी_वर्तकनगर | शुक्रवार, रात्री ११.३०

ईमेल गेले, डिस्प्यूट टाकले. सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार केली, पावती क्रमांक मिळाला.

मग पोलीस ठाण्यात. (कुठलं ते लिहीत नाही.) तिथे म्हणाले, पत्ता परराज्यातला आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या. दीड तास बाकावर बसले. शेवटी एक महिला अंमलदार आल्या, त्यांनी सगळं वाचलं आणि अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली.

आणि एक. सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. चार! माझे दोन, आईचा एक माझ्या नावावर घेतलेला, आणि चौथा तोच, अहवालातला अनोळखी नंबर. "हा माझा नंबर नाही" असं तिथेच कळवलं. म्हणजे आधी माझ्या नावावर सिम घेतलं आणि मग त्या सिमवर कर्ज. अंगावर काटा आला हो.

---

कायदा_वाशी | शनिवार, सकाळी १०.०५

"तिकडे जा" हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी लिहा. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सोबत ६६डी, संगणक-मोबाइल वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन केलेली फसवणूक. (चुकून ६६ए लिहू नका, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलंय.)

---

खारघर_भाडेकरू | शनिवार, दुपारी १२.४०

आधारची जेरॉक्स कुठे कुठे दिलीत आठवा. मी दर अकरा महिन्यांनी घर बदलतो. ब्रोकर, सोसायटी ऑफिस, पोलीस व्हेरिफिकेशन, गॅसवाला. दर वेळी दोन-दोन प्रती. ब्रोकरच्या दुकानात टेबलाखाली अशा कागदांचा ढीग बघितलाय मी, वडापाव बांधायला कमी पडणार नाही इतका.

आता मास्क्ड आधार देतो, शेवटचे चार आकडेच दिसतात. आणि प्रतीवर आडवं लिहितो : "फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी", तारीख, सही. पॅनच्या प्रतीवर पण.

बायोमेट्रिकही लॉक केलं होतं. त्याची शिक्षाही भोगली. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीला माणूस मशीन घेऊन घरी आला, माझा अंगठा काही केल्या लागेना. त्याने बोट पुसायला लावलं, व्हॅसलीन लावलं, घरमालक घड्याळ बघतायत. अर्ध्या तासाने मला आठवलं की कुलूप मीच घातलंय. 🙈

---

कायदा_वाशी | शनिवार, दुपारी १.१५

त्यातही एक मेख आहे. बायोमेट्रिक लॉक केलं तरी ओटीपीने होणारं आधार प्रमाणीकरण चालूच राहतं. ते थांबवायचं तर आधार नंबरच लॉक करायचा आणि सोळा आकडी व्हीआयडी (आधार नंबरऐवजी द्यायचा पर्यायी नंबर) वापरायचा. आणि गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे वापरलं गेलं ते यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर दिसतं. ते महिन्यातून एकदा बघावं.

---

आजी_इन_चरई | शनिवार, संध्याकाळी ५.००

माझं वय ७१. कधी कर्ज काढलं नाही, कार्ड नाही. मला पण हे सगळं करायला हवं का? नातू म्हणतो काही नाही होत.

---

निवृत्त_बँकर_नौपाडा | शनिवार, संध्याकाळी ५.४५

आजी, नातवाला म्हणावं अहवाल काढून दे. तुमचा अहवाल कोरा निघाला, म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही असं आलं, तर पेढे वाटा. कर्ज न काढलेल्यांचीच नावं वापरायला सोपी जातात, कारण ते कधी बघत नाहीत. सिम किती आहेत तेही बघून घ्या.

---

मृण्मयी_वर्तकनगर | अठरा दिवसांनी, रात्री ९.१५

३८,००० वाल्यांचं उत्तर आलं. केवायसीचे कागद पाठवले. पॅन माझा, त्यावरचा फोटो दुसऱ्याच बाईचा. आधारचे शेवटचे चार आकडे माझे नाहीतच! एवढंही कुणी ताडून बघितलं नाही. खातं "फसवणूक" म्हणून बंद करतोय आणि चारही कंपन्यांना कळवतोय असं लेखी दिलं.

ॲपवाले गप्प. फक्त वसुलीवाल्याचा फोन, रात्री पावणेनऊला. वेळ टिपली, त्याला तक्रार क्रमांक सांगितला, त्याने फोन ठेवला.

बँकेतल्या बाईंना ते लेखी उत्तर आणि पोलिसांची शिक्क्याची प्रत दाखवली. त्या म्हणाल्या फाइल बंद करत नाही, थांबते. बिल्डरने आणखी तीन आठवडे दिले, व्याजासकट. ते व्याज कुणाकडून मागायचं?

---

निवृत्त_बँकर_नौपाडा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.००

व्याजाचा आकडा आणि बिल्डरचं पत्र जपून ठेवा. लोकपालाकडे जाल तेव्हा नुकसान म्हणून मांडता येईल. मिळेलच असं म्हणत नाही.

तीस दिवस भरले की त्याच संध्याकाळी लोकपालाकडे अर्ज टाका, एकतिसाव्या दिवसाची वाट बघत "उद्या येईल उत्तर" करू नका.

---

मृण्मयी_वर्तकनगर | त्यानंतर सव्वा महिन्याने, रात्री १०.००

ॲपवाल्यांचं उत्तर बेचाळिसाव्या दिवशी आलं, लोकपालाकडे अर्ज गेल्यावर दहा-बारा दिवसांनी. कर्जाचे पैसे ज्या खात्यात गेले ते माझ्या नावाचं आहे, पण मी न उघडलेलं! त्या बँकेलाही कळवलं, तिथला घोळ अजून चालू आहे. पोलिसांना ते पत्र नेऊन दिलं, आता अर्जाचा एफआयआर झाला.

नवा अहवाल काढला. जानेवारी २०२५ पासून सावकारांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे महिनाभर थांबावं लागलं नाही. दोन्ही कर्जं गेली. स्कोअर ७४८. त्या पाच एन्क्वायरी अजून आहेत, त्यांच्यासाठी वेगळी तक्रार टाकली. होम लोन मंजूर, पाव टक्का जास्त व्याजाने. भांडतेय.

आणि काल खात्यात १,२०० रुपये जमा झाले. बारा दिवसांच्या उशिराची भरपाई.

---

कोपरीचा_बंड्या | सव्वा महिन्याने, रात्री १०.०३

१,२०० म्हणजे मामलेदारला सगळ्या धाग्याची मिसळ. काका, आजी, अण्णा, रविवारी सकाळी या. अण्णा, साडूला पण आणा.

---

लोकपुरम_अण्णा | सव्वा महिन्याने, रात्री १०.२०

साडू फोन उचलत नाही.